संपादकाला ऐकू येत नाही

ता. ३ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

फोनच करणार होतो, पण लाइन खराब आहे. ज्याला लावावा तो जरा मोठ्याने बोला म्हणतो आणि कंटाळून ठेवून देतो. म्हणून हे पत्र.

बाग बरी आहे. लिंबाला फुलं धरली आहेत, टोमॅटोवर मात्र कीड पडली. कादंबरी अर्ध्यावर आलीय. आदल्या दिवशी लिहिलेलं पान रोज सकाळी लिंबाखाली बसून संपादकाला वाचून दाखवतो. कुत्र्याचं नाव कुणी संपादक ठेवतं का, म्हणून तू अजून हसतेस. पण नावाला तो जागलाय. पान आवडलं तर शेपूट, नाही तर जांभई.

आता खरं सांगतो. त्याला ऐकू येईनासं झालंय. काल फाटक उघडं राहिलं आणि तो रस्त्यावर गेला. मी जीव तोडून हाका मारल्या, त्याने कानही हलवला नाही. दुधाच्या गाडीने करकचून ब्रेक दाबला. चाक वीतभर अंतरावर थांबलं. वर ड्रायव्हर मलाच म्हणाला की आजोबा, निदान हाक तरी मारायची होती. ऐकतेस ना? मी हाकाच मारत होतो!

तेव्हापासून त्याला साखळीने बांधून ठेवलंय. त्याने जेवण टाकलंय, आणि मलाही घास जात नाही. सोडला तर मरेल, बांधला तर झुरेल.

तुझा,
धाकला


ता. ९ मार्च

चि. धाकल्यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचायला भिंग घ्यावं लागलं. कागद महाग झालाय की शब्द? पहिल्या ओळीचं अक्षर जेमतेम माणसाचं, पुढे नुसत्या मुंग्या चालल्यात. पाटीवर तुझा हात धरून मी गिरवून घ्यायची तेव्हा एक 'अ' पाटीभर काढायचास आणि 'आ'ला जागा नाही म्हणून रडायचास. ती ऐट कुठे गेली?

संपादकाचं वाचून काळजात धस्स झालं. पण घाई करू नकोस. बहिरं कुत्रं कुणी जवळ आलं की झोपेतून दचकून उठतं. तो तसा दचकतो का, आणि दुसऱ्या कुणाच्या हाकेला येतो का, ते बघून कळव. आणि दोघांनी जेवा. उपाशी राहून कुणाचे कान सुधारल्याचं मी तरी ऐकलं नाही.

माया आहेच, ती सांगायला लागू नये.

अक्का


ता. १६ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं पाहिलं, आणि जास्तच घाबरलो.

तो दचकत नाही. शेजारच्या शिंपीणबाईंनी कात्री खाली ठेवली तरी त्याचे कान उभे राहतात. त्यांनी कुंपणापलीकडून नुसतं चुचकारलं तर साखळी ताणून धावतो. मी पाठीमागून हाक मारली तर ढिम्म. म्हणजे तो बहिरा नाही. फक्त मला ओ देत नाही.

आणखी एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती. हल्ली मी वाचायला लागलो की तो पायाशी बसत नाही. उठून अगदी तोंडाजवळ येतो आणि मान तिरकी करून थांबतो. लहानपणी ऐकलं होतं, माणसाचं बोलावणं आलं की जनावराला आधी वास लागतो. आपण शिकलेली माणसं, असल्या गोष्टी हसण्यावारी न्याव्यात. पण त्याचा ओला श्वास हनुवटीवर आला की हसू येत नाही. संध्याकाळी देवाजवळ चार ओळी म्हणतो, तिथेही तो येऊन तोंडाशी बसतो. काल म्हणता म्हणता ओळी विसरलो.

तुझा,
धाकला


ता. २० मार्च

चि. धाकल्यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच.

तुझी दोन्ही पत्रं समोर ठेवून विचार करत बसले. फोनवर सगळे मोठ्याने बोला म्हणतात. ड्रायव्हरला हाक ऐकूच आली नाही. कुत्र्याला लांबची कात्री कळते आणि तुझी जवळची हाक कळत नाही. अरे वेड्या, लाइन खराब नाही आणि संपादकही बरा आहे. बसलाय तो तुझा आवाज. तुला तो मोठा वाटतो, कारण तो तुझ्याच डोक्यात घुमतो. आणि घरात दुसरं माणूस नाही, मग तुला सांगणार कोण? ते मुकं जनावर काही वासबीस घेत नाही. तुझं वाचणं ऐकू यावं म्हणून कान जवळ आणतं.

अक्षर आणि आवाज एकदमच का बारीक व्हावेत, ते मला कळत नाही. म्हणूनच भीती वाटते. पत्र मिळाल्यावर शिंपीणबाईंना घेऊन डॉक्टरकडे जा. एकटा जाऊ नकोस, तू काय म्हणतोस ते त्यांना ऐकू यायचं नाही. आणि आधी त्या बिचाऱ्याची साखळी सोड. त्याचा काही गुन्हा नाही.

देवाला मोठ्याने लागत नाही, तेवढी काळजी करू नकोस.

अक्का


ता. २९ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

साखळी सोडली. फाटकाला कडी लावली.

तुझं खरं निघालं. डॉक्टरांनी मला चालायला लावलं, बोटं उघडमिट करायला लावली, चार ओळी लिहून घेतल्या. म्हणाले, आवाज आणि अक्षर दोन्हीचं दुखणं एकच आहे, कंपवात. गोळ्यांनी थोपवता येईल, जाणार मात्र नाही. नदीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोला, लिहिताना ओळी आखून मोठं लिहा. येताना शिंपीणबाई वाटभर माझा हात धरून चालल्या, त्यावरून मी काय ते समजलो.

अक्का, मरणाची भीती मला एवढी कधी वाटली नाही. पण माझ्यातून शब्द बाहेर पडायला दोनच दारं, तोंड आणि हात. दोन्ही हळूहळू लोटली जातायत आणि मी आत आहे. कादंबरी अजून अर्धीच आहे.

आज सकाळी लिंबाखाली उभा राहिलो. संपादक पलीकडे टोमॅटोच्या वाफ्यात पाठ करून माती उकरत होता. भांडायला उठल्यासारखी हाक मारली. लाज वाटली. आधी शिंपीणबाईंचं मशीन थांबलं. मग त्याने मान वळवली, आणि धावत येऊन पायाशी बसला. तोंडाशी नाही. पान वाचलं. जांभई दिली त्याने.

रोज सकाळी अशी एक हाक मारून बघणार आहे. तो वळतोय तोवर लिहीन. वळणार नाही त्या दिवशी तुला पत्र टाकीन.

या पत्राला तूच गिरवून घ्यायचीस तशा ओळी आखल्या आहेत. तरी खाली खाली पुन्हा मुंग्या झाल्यात. लोभ असू दे. भिंगही जवळ असू दे.

तुझा,
धाकला