राजदीपच्या कागदावरचं माझं नाव

४ जानेवारी
नातू राजदीप फौजेत लागून तीन वर्षं झाले. त्याच्या कागदाचे फोटो नातीच्या, रोशनीच्या मोबाईलवर येतात. सारे अर्धे शब्द. फौजेत माणसाले सुट्टी नाई, म्हणून शब्दाचेच हातपाय तोडतात. रोशनीनं वहीत अर्थ लिहून देल्ले. एनके म्हणजे नाईक, सीएल लहान सुट्टी, एएल मोठी. महिन्यात सारे पाठ करीन.

११ जानेवारी
पाठ झाले: दोन. सर्वांत चांगला एनओके. फौजीले काही झालं त सरकार पयले ज्याले कळवते, तो माणूस. राजदीपच्या कागदावर तिथी माझं नाव, रुखमा. इंग्रजीत सहा अक्षरं, मोजले. आईबाप नाई त्याले, मीच वाढवला. शेजारच्या कलाबाईले सांगतलं, साहेब येईन त माझ्याच दारात येईन. ती म्हणे, बाई, असा साहेब न आलेलाच बरा. जळते.

१९ फेब्रुवारी
राजदीपसाठी पोरगी पाह्यली. राजुऱ्याची, नर्स, तोंडानं तिखट. माझ्याशी जमन. मार्चात एएलवर आला का विहारात लगन उरकून टाकू. त्याले अजून सांगतलं नाई. माझा शब्द मोडत नाई तो.

२८ मार्च
आला नाई. एएल रद्द झाली म्हणे. फौज हाये ते, सासुरवाडी नाई.

२ मे, दुपार
महिनाभर फोन नाई. रेंज नसन. मीबी वाट पाहाची नाई असं ठरवलं. मोबाईल चार्जिंगले लावून ठेवला, असाच.

९ जून
रोशनीच्या मोबाईलवर त्याचा नवा कागद आला. मले पाहून तिनं मोबाईल उलटा ठेवला. ती पाण्याले गेली तवा मी सरळ केला. एनओके स्वतः वाचला, कोणाले न विचारता. पुढं आर. माझाच. पण अक्षरं चारच. फौजेत सारंच आखूड करतात, माझं नावबी केलं असन.

जेवताना विचारलं. रोशनी ताटाकडं पाहत म्हणे, आजी, ते रिना हाये. मार्चात लगन केलं त्यानं, तिकडंच. तुले सांगाची हिंमत नाई झाली त्याची.

१० जून
नियम बरोबर हाये. बायको आली का नाव बदलते. राजुऱ्याले निरोप धाडला, दुसरा पोरगा पाहा म्हणून. वहीतले बाकीचे शब्द आता पाठ कराचे नाई.

रिना कुठची, ते विचारलं नाई. राजदीपले काही झालं त साहेब तिच्या दारात जाईन. मले रोशनी सांगन, तिची हिंमत झाली त.