तोंड सांभाळ

३ तारीख, सोमवार
आज मालकीणबाईंनी काउंटरमागे बोलावलं. म्हणाल्या, हात हलका आहे तुझा, नंबर चोख काढतेस, पण तोंड जरा सांभाळ, बाई. गिऱ्हाइकं तक्रार करतात. कायम करायचं की नाही ते महिनाअखेरीला बघू.

मी लगेच समजले. काहींना चारचारदा सांगावं लागतं. माझ्या तोंडाला वास येतो. बाईंनी तो शब्द उच्चारलासुद्धा नाही, केवढी नाजूक समज! चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं माझं काम. समोरच्याच्या नाकावर चौकट चढवायची, तिच्यात काच घालायची आणि विचारायचं, पहिली बरी की दुसरी? माझं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर.

आता आठवतं. सकाळचे ते गृहस्थ. सोनेरी फ्रेममध्ये तुम्ही घुबडासारखे दिसता आणि नंबर काही बदललेला नाही, जुनाच चष्मा चालेल, एवढंच मी म्हटलं होतं. ताडकन उठून गेले. बिचारे, श्वास कोंडला असेल.

४ तारीख
आईला वास घ्यायला लावला. हा कर, म्हणाली. केला. चहाचा येतोय, आणखी कसला येणार, म्हणाली. आईचं मत धरता येत नाही. जिने माझी दुपटी धुतली तिचं नाक माझ्याच बाजूचं असणार.

संकल्प: दोनदा ब्रश, फ्लॉस, टंग क्लीनर, दिवसभर लवंग. एकही दिवस चुकायचं नाही.

६ तारीख
टंग क्लीनर इतका मनापासून चालवला की उलटी झाली. बाथरूमबाहेरून आई ओरडली, अगं, जीभ आहे ती, तवा नव्हे! फ्लॉस दाढेत अडकून तुटला. दोऱ्याचं टोक बाहेर लोंबत होतं, तसंच कामावर. काचा घासून फ्रेममध्ये बसवणारे काका म्हणाले, पोरी, गळ गिळलास काय?

मी हसले नाही. हसायला तोंड उघडावं लागतं.

१० तारीख
नवी पद्धत. बोलायचंच नाही. पहिल्या काचेला एक बोट, दुसरीला दोन. पद्धत उत्तम. त्रुटी एकच, नंबर काढायला आलेल्यांना बोटंच दिसत नाहीत.

मग भिंतीकडे तोंड करून विचारू लागले. एक बाई माझ्याबरोबर भिंतीकडे वळल्या आणि अक्षरांचा तक्ता सोडून आग विझवायच्या सूचना वाचू लागल्या. अडखळल्या नाहीत कुठेच.

१४ तारीख
तोंडात काही गेलंच नाही तर वास कशाचा येणार? दुपारचा डबा बंद. पाणीही नको. झणझणीत माउथवॉश मात्र सारखा. घसा सँडपेपरसारखा झालाय, जिभेची आग होतेय, म्हणजे औषध लागू पडतंय.

१८ तारीख
बाई खूश! सुधारलीस हो, म्हणाल्या. घुबड गृहस्थ परत आले आणि तीच सोनेरी फ्रेम घेऊन गेले. मी हूं की चूं केलं नाही. लवंगेचा गुण, दुसरं काय.

फक्त एका आजीबाईंच्या गळ्यात बाईंनी महागडी काच मारली. त्यांना साधी पुरली असती. सांगावंसं वाटलं, पण त्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं. घरी आल्यावरही पोटात काहीतरी टोचत होतं. उपाशी होते ना, त्यामुळेच.

२५ तारीख
दातांच्या डॉक्टरांकडे गेले. वास गेल्याचं सर्टिफिकेट मागितलं. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं. दात, हिरड्या ठणठणीत, पण तोंड कोरडं ठाक. म्हणाले, तोंड धुण्याचं काम लाळ करत असते, तुम्ही तिलाच हाकलून दिलंत. उपाशी, तहानलेल्या तोंडाला वास येणारच, त्यात हे स्पिरिटचं माउथवॉश. पाणी प्या, वेळेवर जेवा, जीभ हलक्या हाताने साफ करा. पण वास येतो असं सांगितलं कुणी तुम्हाला?

मी बाईंचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. डॉक्टरांनी मास्क खाली केला. अहो, म्हणाले, तोंड सांभाळ म्हणजे बोलणं आवर!

मला कसं कळणार? चौथीपर्यंत मी घरीच शिकले, बाबांपाशी. ते म्हणायचे, दिसेल ते बोल. तोंड सांभाळ असं आमच्या घरात कुणी कुणाला म्हणालेलंच नाही.

थोडक्यात, माझ्या तोंडाला वास नव्हताच! डॉक्टर पुढे ‘आता मात्र’ असं काहीतरी म्हणत होते, पण तोवर मी आनंदात अर्धा जिना उतरले होते. टंग क्लीनर, फ्लॉस, लवंगा, सगळं कचऱ्यात.

२९ तारीख
आजीबाई चष्मा न्यायला आल्या. काच अजून बसवायचीच होती. सांगून टाकलं, आजी, तुम्हाला साधी काच पुरेल. त्यांनी तिथल्या तिथे ऑर्डर बदलली. बाईंनी जुनं बिल टराटरा फाडलं. काका पुटपुटले, झालं, गेली ही.

रात्री झोप छान लागेल असं वाटतं.

३० तारीख
इथला शेवटचाच दिवस असणार, तर निदान जेवून जावं म्हणून डब्यात कच्चा कांदा नेला होता. भरपूर. खाऊन उठले, तोच बाईंचं बोलावणं.

मी टेबलावर वाकले आणि अगदी समोर जाऊन, एका दमात म्हटलं, मी दिसेल तेच सांगणार, चालत नसेल तर आत्ताच सांगा.

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. खिडकी उघडली. म्हणाल्या, कालच्या आजी आज मुलगा, सून, नातवंडं, सगळं लटांबर घेऊन आल्यात. त्या खरं बोलणाऱ्या पोरीकडूनच नंबर काढायचे म्हणतात. बरं बाई, कायम झालीस तू. बोल काय खरं बोलायचं ते. फक्त जरा लांबून बोल.

या वेळी शब्दशः घ्यायची चूक मी करणार नाही. लांबून म्हणजे अदबीने, कायम माणसाला शोभेल असं अंतर राखून. बाईंचं बोलणं किती सूचक असतं!

निघताना काकांनी पेपरमिंटची अख्खी पुडी हातात कोंबली. अभिनंदनाची. मी त्यांनाही एक देऊ लागले, तर दोन पावलं मागे होत म्हणाले, नको नको, सगळ्या तूच खा. आत्ताच खा.

किती माया लावतात माणसं.