कानात सांगायचं नाव

प्रिय सावनी,

बाळाची थरथर आता बरीच कमी झाली आहे. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. औषधाचे थेंबही डॉक्टर हळूहळू कमी करताहेत. आवाज आणि उजेड त्याला अजून सोसत नाही, म्हणून दिवा मंद ठेवायचा, बोलायचं ते कुजबुजत आणि दुपट्यात घट्ट गुंडाळून छातीशी धरायचं. मला कुजबुजायला लावणारा आपल्या घरातला तो पहिलाच. श्रीरंग ऑफिसातून थेट हॉस्पिटलात येतो. तुझ्यावर चिडला होता, नाही असं नाही, पण आता नवरा म्हणून आपण काय पाहिलं, असं स्वतःलाच विचारत बसतो.

मला राहून राहून तुझं डोहाळजेवण आठवतं. इथे अमेरिकेतही सगळं साग्रसंगीत, प्लेनोतल्या आमच्या घरी हॉलमध्ये तू हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून बसलेली, आणि ओटी भरतानाच तुझे डोळे मिटायला लागले. आम्ही सगळ्या हसलो. दोन जिवांची आहे, झोप येणारच, असं म्हणत मी फोटोसुद्धा काढला. हायवेवरच्या त्या अपघातानंतर पाठदुखीसाठी सुरू झालेल्या गोळ्या तुला सोडवत नव्हत्या आणि पोटातल्या बाळालाही त्यांची सवय लागत होती, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. चांगल्या शिकलेल्या घरात असलं काही होत नसतं, ही आमची पक्की समजूत. तू एकटी किती घाबरली असशील गं. तो फोटो आता बघवत नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. काल श्रीरंगनं तुझा मेसेज दाखवला. व्यसनमुक्ती केंद्रातले उपचार संपले तरी येणार नाही, बाळाला माझ्यापासून लांब ठेवा, बारसं उरकून घ्या, असं लिहिलंस. पण इथली नर्स सांगते, आईचे उपचार नीट चालू असले, तर अशी बाळं तिच्याच अंगाशी लवकर शांत होतात. माझ्या खांद्यावर तो तोंड फिरवून काहीतरी शोधतो आणि पुन्हा रडायला लागतो. तुझ्या डॉक्टरांना विचार, मी न्यायला येते. बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं, आणि आत्या मी आहे. तू पाळण्याशी उभी असल्याशिवाय मी ते सांगणार नाही. तोवर त्याच्या पायातल्या हॉस्पिटलच्या पट्टीवर ‘सावनीचं बाळ’ एवढंच लिहिलेलं आहे, आणि तेवढं नाव त्याला सध्या पुरे आहे.

तुझी वाट बघणारी, तुझीच
प्रीता वन्सं