कोमट फळी

लाजेस, दक्षिण ब्राझील, ४ जुलै

चि. लुसेलिया हिस आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इथे जुलैच्या थंडीने दंव गोठतंय, नळाचं पाणी हाताला चावतं. परवा विजेच्या शॉवरमधली, पाणी तापवणारी तारेची स्प्रिंग मधोमध तुटली. तुझ्या बाबांची आंघोळ चुकवता येत नाही. अर्धं अंग गेल्यापासून ते गरम पाण्याखालीच जरा सैलावतात. शेजारचे बेनविंदू धावून आले. त्यांनी अर्धी स्प्रिंग फेकली, उरलेली अर्धी ताणून अडकवली. आता नुसत्या वाफा! नव्यापेक्षा गरम. फ्यूज तेवढा सारखा उडत होता, तर त्यांनी त्यात जाड तार पिळली. आता उडत नाही.

एक गंमत सांगते. न्हाणीची लाकडी भिंत पलीकडून, बाबांच्या खोलीत, कोमट लागते. त्यांनी हट्टाने खाट तिथे सरकवून घेतली. फळीला पाठ लावून झोपतात. मला म्हणतात, तुझ्यापेक्षा ही बरी, बोलत नाही.

त्या वीजशाळेत जेवतेस ना, की आकडेच खातेस? पिन्यांव, आपल्या पाइनच्या बिया, भाजून पाठवते. माझी माया आहेच, पण तू वाळू नकोस.

तुझी आई
एरोंदिना


कुरितिबा, ९ जुलै

ती. सौ. आईस शि. सा. न. वि. वि.

वादळाने तिकडचे फोन बंद आहेत, म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. आधी मेन स्विच खाली ओढ. मग पुढचं वाच.

शॉवरवर २२० व्होल्ट, ५५०० वॉट असं लिहिलं आहे. लहानपणी बाबांनीच मला ते वाचायला लावलं होतं. वॉटला व्होल्टने भागलं की पंचवीस अँपिअर. व्होल्टला अँपिअरने भागलं की स्प्रिंगचा रोध, आठ पूर्णांक आठ ओहम. तुम्ही स्प्रिंग अर्धी केलीत, रोध चार पूर्णांक चार झाला. व्होल्ट तेवढेच. म्हणजे आता पन्नास अँपिअर, अकरा हजार वॉट. म्हणून वाफा. पण भिंतीतली तार तीच, जुनी, बारीक. पाणी दुप्पट तापतं तेव्हा ती चौपट तापते. फ्यूज ओरडत होता. बेनविंदूकाकांनी त्याचं तोंड बांधलं.

आई, ती ऊब तारेची आहे, आणि फळी पाइनची. बाबांना उठून पळता येत नाही.

मला हसा हवं तर, पण आधी स्विच. शनिवारी येते. तोवर रागावलीस तरी चालेल.

तुझी
लुसेलिया


लाजेस, १० जुलै

चि. लुसेलिया हिस आशीर्वाद.

काल पाकीट आलं तेव्हा शॉवर चालू होता. आत बेनविंदू. आमचं पाणी गरम म्हणून हल्ली इथेच आंघोळीला येतात. मी स्विच ओढला. आतून साबणासकट शिव्या आल्या. टॉवेल गुंडाळून बाहेर आले, तुझा हिशेब ऐकला, म्हणाले, पोरीला दोन बुकं चढली. मी म्हटलं, भिंतीला हात लावा. लावला, आणि झटकन मागे घेतला.

बाबांची खाट आम्ही दोघांनी ओढून बाहेर काढली. मग बेनविंदूंनी फळी उचकटली. तारेवरचं प्लास्टिक गळलेलं, फळी आतून काळी. बोटाने दाबली तर चुरा झाली. बेनविंदू कसेबसे कपडे चढवून, टोपी न घालताच निघाले. त्यांच्या लेकीच्या घरीही त्यांनी अशीच स्प्रिंग बसवली आहे. अजून परतले नाहीत.

येताना जाड तार आण, आणि अख्खी स्प्रिंग. तोवर पाणी चुलीवर.

बाबा रुसलेत, भिंत गार झाली म्हणून. काल झोपताना माझा हात पाठीखाली मागितला. मुंग्या आल्या. काढला नाही.

वाट बघते.

आई