डावा कान

आक्का, सगळी गल्ली तुला आक्का म्हणायची म्हणून मीही आईला आक्काच म्हणत राहिले. तू जाऊन बारा वर्षं झाली. आज बेळगावात माझ्या चार वर्षांच्या मुलीला बालवर्गात घातलं. दोन महिने शोधत होते. एक बालवर्ग कॅम्पात, इतका लांब की तिला सोडून माझी शाळा गाठायची तर रोज पहिला तास बुडणार. दुसऱ्या बाईंनी रडणारी मुलं घेत नाही म्हणून सांगितलं, जशी काही त्या वयाची मुलं दुसरं काही करतात. तिसरा मिळाला. फी माझ्या मास्तरकीच्या पगाराला जडच आहे, पण भरली. निघताना तिनं पदर धरला. मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि मागं न बघता चालत सुटले.

निपाणीत फी घेऊन मूल सांभाळणारं कुणी नव्हतंच. वडील मी पाळण्यात असतानाच गेलेले. तू तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जायचीस आणि मला शेजारची म्हातारी बघायची. त्याबद्दल तू तिच्या घरचं पाणी भरायचीस. ती लेकीकडे कायमची राहायला गेली, तेव्हा तू मला वखारीत नेऊ लागलीस. तिथल्या धुळीनं मी दिवसभर खोकायची. शेवटी मुकादम म्हणाला, "उद्यापासनं पोर आणू नगंस. आणलीस तर तू बी येऊ नगंस."

मग राहिली शाळा. तिथं फी नव्हती, पण वय लागायचं, आणि वयाचा कागद होता कुणाकडे? उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की मूल शाळेजोगं झालं, हाच दाखला. मी लहानखुरी. रोज संध्याकाळी चुलीपुढे बसवून तू माझ्या खांद्याला तेल चोळतेस, हात ओढतेस, मी मान वाकडी केली की दटावतेस. इतकी मेहनत तालमीतल्या पैलवानाकडूनही कुणी करून घेत नसेल.

त्या सकाळी समोर गुरुजी, दाराशी तू, वखारीला जायच्या लुगड्यातच. माझी बोटं कानाच्या वर येऊन थांबली. गुरुजी भले होते, त्यांनी पुन्हा करायला लावलं. मग म्हणाले, पुढच्या वर्षी आणा. मला वाटलं तू मारशील. तू मला कडेवर घेतलंस आणि त्यांनाच समजावलंस, "माझ्यावर गेलीया. माझं हात बी आखूडच हाईत."

वखार सुटली. वर्षभर घरी बसून तू लोकांची दळणं दळलीस. तळहाताला फोड यायचे, फुटायचे, पुन्हा यायचे. मी शेजारी बसून जात्यात मूठमूठ जोंधळे टाकायची आणि दमले की तुझ्या मांडीवर झोपायची. तेवढं सुखाचं वर्ष मला पुन्हा मिळालं नाही, हे लिहिताना लाज वाटते. पुढं मी मास्तरीण झाले, तरी आल्यागेल्याला तू सांगायचीस की पोरीचं एक वर्ष माझ्या आखूड हातांपायी गेलं. मी चहा ठेवायला आत जायची.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच लिहिता येतंय. गुरुजींपुढे उभं राहायच्या आदल्या दिवशी तू सरपण आणायला गेलीस, तेव्हा मी एकटीनं कान धरून पाहिला होता. चांगला मुठीत आला होता. शाळेत बोटं मीच थांबवली. कान धरला की तू वखारीत आणि मी इथं, एवढं मला कळत होतं. दळणांचं कळत नव्हतं. पण कळलं असतं तरी मी तो धरला असता का, हे मला आजही सांगता येत नाही.