सृष्टी, मोठ्यानं वाच

ताडकळस,
दि. ८ नोव्हेंबर २०२५

ती. आत्याबाई,

पंकजा पाया पडती. सृष्टीला पापा.

सृष्टी, शाळेत खिचडी करणाऱ्या गीताबाईंच्या हातानं हे पत्र तुला पाठवलंय. आजीला वाचता येत न्हाई, तवा जवळ बसून वाचून दाखव. मागचं पत्र गोपीचंद काकांच्या नावानं टाकलं होतं. त्यांनी आजीला "खुशाल हाय म्हणायलीय" एवढंच सांगितलं म्हणं. चार पानं लिहिली होती मी.

आत्याबाई, इकडं माहेरी बरं हाय. कापूस वेचायला जायलेय. बापूंचा गुडघा तसाच. दिवाळी आली अन् गेली. आईनं करंज्या केल्या, माझ्या घशाखाली एक उतरली न्हाई. सृष्टीला नवा ड्रेस घेतला का? म्हैस कशी हाय? ती माझ्या हाताशिवाय पान्हा सोडत नव्हती. आता कोण पिळतंय?

जाऊ द्या. दुधाचं नाव निघालं की माझा हात थांबतो.

सृष्टी, तू आता इथं थांब. पुढचं मोठ्या माणसांचं हाय.

आत्याबाई, त्या दिवशी अंगणात चार बायांम्होरं तुमी माझा पदर ओढलात. पोलक्यावर ओला डाग होता. "तीन महिने झाले, हिला कावळा शिवला न्हाई," तुमी म्हणलात. मी बाहेर कधी बसले अन् कधी न्हाई, ते तुमच्याइतकं कुणाच्या ध्यानात राहणार! "अन् आता छातीला दूध. नवरा जाऊन दोन वर्षं झालेल्या बाईला दूध कुठून येतंय गं?" अन् मग तो शब्द. तो मी लिहीत न्हाई.

मलाच ठाऊक नव्हतं कुठून येतंय, तर तुमाला काय सांगू? न्हाणीत पहिल्यांदा बघितलं तवा दाराची कडी पुन्हा लावून घेतली. लेकरू सातवीला गेलं, अन् हे आता काय? अंगात काय रोग शिरला असंल असं वाटलं. फडकं दुमडून आत घालायची अन् पदर घट्ट घ्यायची. तुमाला सांगावं म्हणून चुलीपाशी येऊन बसायची, पण भाकऱ्या थापून तशीच उठायची.

गोपीचंद भाऊजींनी माझी पिशवी रस्त्यावर फेकली. सृष्टी दारात रडायलती, अन् तुमी तिचा दंड धरून ठेवलात. मला तेवढ्याचाच राग हाय. खोटं कशाला बोलू, बाकीच्याचाबी हाय.

आईनं मला परभणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई होत्या. आधी लघवी तपासली. पोटात काय बी नव्हतं, आत्याबाई. मग रक्त तपासलं अन् विचारलं, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" मी झोपेच्या गोळ्यांचं पाकीट दाखवलं. त्या म्हणल्या, ही नुसती झोपेची न्हाई, मनाच्या आजारावरची गोळी हाय, हिनं काही बायांना असं होतं. पाळी थांबती, अंगावर पिणारं लेकरू नसताना दूध येतं. त्यात कुणाचं पाप न्हाई. त्यांनी ती गोळी हळूहळू कमी करत बंद केली. आता थेंबबी येत न्हाई. परवा कावळाबी शिवला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं रडू आलं.

ती गोळी कुणी आणली, आत्याबाई?

सृष्टीचे पप्पा गेल्यावर मी भिंतीला टेकून बसून राहायची. तुमीच मला देवगाव फाट्याला डॉक्टरकडं नेलंत. त्यांनी महिन्याच्याच दिल्या होत्या. पुढं तीच चिठ्ठी दाखवून तुमी मेडिकलमधून आणत राहिलात. एका तळहातावर गोळी, दुसऱ्या हातात तांब्या. "घे बाई, तू झोपलीस की माझाबी डोळा लागतो." तुमचा पोटचा गेला होता, तरी तुमी मला जपलंत. सख्ख्या आईनं केलं नसतं इतकं केलंत. म्हणून तर तुमच्या तोंडचा तो शब्द लय लागला. दुसरं कुणी बोललं असतं तर थुंकून पुढं गेले असते.

तुमाला बोल लावायला हे लिहीत न्हाई. तुमालाबी काय ठाऊक होतं? पण आता ठाऊक झालंय.

१६ तारखेच्या रविवारी मी सकाळच्या गाडीनं देवगाव फाट्याला येते. त्याच मेडिकलसमोर उभी राहीन, दवाखान्याचे कागद घेऊन. तुमी माझ्याशी बोलू नका. घरात घ्या असंबी म्हणत न्हाई. लेकरू तेवढं घेऊन या. मला माझं लेकरू पाहिजे, आत्याबाई.

सृष्टी, तू थांबली न्हाईस. मला ठाऊक हाय, थांब म्हणलं की तू पळतीस. बरंच झालं. हा कागद काकांच्या हातात गेला तर पुन्हा "खुशाल हाय" एवढंच होईल.

तवा आता आजीपाशी बस अन् पहिल्यापासून मोठ्यानं वाच. पोलक्याचं, डागाचं, सगळं. तुझ्या आईनं काय बी वाईट केलेलं न्हाई, मग तुला लाज कशाची? आवाज बसला तर पाणी पी, पण एक ओळ गाळू नको. शेजारच्या बाया ऐकायला आल्या तर येऊ दे. त्या दिवशीबी त्या होत्याच.

मी तुमची सून अजून हाय का होते, ते रविवारी कळंल. तवर,

सृष्टीची आई,
पंकजा