तीर्थरूप की चिरंजीव?

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार.

मायन्यातच अडले बघा. तुम्ही बाबांचे थोरले भाऊ. पण लढाईत गेलात तेव्हा तुम्हाला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. आता फोटोत तुम्ही माझ्या नातवासारखे दिसता.

आज त्या लढाईचा स्मृतिदिन. शेजारचा बेकरीवाला त्याच्या आजोबांच्या फोटोपुढे गरम पाव ठेवत होता. तेही त्याच लढाईत गेले, पण समोरच्या बाजूने लढताना.

"तुमच्यात काय करतात?" त्याने विचारलं.

"आमच्यात पत्र लिहितात," मी ठोकून दिलं. खरं तर लिहायचे फक्त बाबा, दर वर्षी, आणि कपाटात ठेवून द्यायचे. ते गेले, म्हणून यंदा मी.

त्याने लगेच दुसरा पाव माझ्या हातात दिला. "हा तुमच्या काकांना. पोरंच होती हो दोघं, भुकेली असतील."

पाव तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही काही उठला नाहीत, मग चहात बुडवून मीच खाल्ला. मस्त होता!

आता वरचं 'तीर्थरूप' खोडून 'चिरंजीव' लिहिते. रागावू नकोस हं. इतकी वर्षं ज्याला घरून पत्र येतंय, त्याला दुसरं काय म्हणायचं, बाळा?

अनेक आशीर्वाद.

तुझी म्हातारी पुतणी